नाव विचारणारा पडदा

मित्रांनो, मी एक दार आहे. पण मला हात लावायला जाल, तर बोटांना नुसती काच लागेल. मला बिजागरी नाही, कडी नाही, उंबरा नाही. एका जुन्या कॉम्प्युटरच्या तोंडावर येऊन उभा राहणारा लॉगिनचा पडदा, एवढीच माझी ओळख. कॉम्प्युटर चालू झाला की मी समोर येतो, नाव विचारतो, पासवर्ड विचारतो आणि दोन्ही जुळलं की बाजूला सरतो. झालं माझं काम. अशा जिवाच्या आयुष्यात घडून घडून काय घडणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं. पण जे घडलं त्याने मी असा हादरलो आहे, की अजूनही वीज गेली आणि परत आली की आधी मी दचकतो आणि मग सुरू होतो.

पण आधी माझा जन्म कसा झाला ते सांगतो.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो नाही. कुणीतरी फावल्या वेळात मला ओळ ओळ करून लिहिलं आणि ज्याला हवा त्याने न्यावा म्हणून मोकळं सोडून दिलं. माझे भाऊबंद मोठे दिमाखदार आहेत. त्यांच्या पडद्यावर घड्याळ असतं, माणसांचे गोल गोल फोटो असतात, मागे ढगसुद्धा सरकतात. माझ्याकडे एक साधं चित्र आणि एक चौकट. तीही एकच. त्याच चौकटीत आधी नाव लिहायचं आणि मग त्याच चौकटीत पासवर्ड. पासवर्डाच्या वेळी मी अक्षरांच्या जागी ठिपके दाखवतो, नावाच्या वेळी अक्षरं जशीच्या तशी दाखवतो. याच्यापलीकडे मला काही येत नाही. म्हणून तर मला 'हलका' म्हणतात. दमलेल्या, जुन्या कॉम्प्युटरांना मी चालतो.

तसाच एक दमलेला कॉम्प्युटर एका सुताराच्या घरी होता. घर लहानच. पुढच्या खोलीत राहणं, मागच्या खोलीत कारखाना. मागच्या खोलीत लाकूड कोरण्याचं मशीन होतं. एका चौकोनी टेबलावर फळी आवळून बसवायची, वर मोटर, मोटरीच्या टोकाला बिट नावाचं धारदार पातं. कॉम्प्युटरमध्ये हत्तीचं चित्र दिलं, की ते पातं गरगर फिरत फळीतून हत्ती कापून काढायचं. दोन खोल्यांच्या मधल्या दारात सुताराच्या बायकोचं रंगाचं टेबल होतं. मशीनने कापलेले प्राणी ती रंगवायची. ते टेबल तिने मुद्दाम दारात ठेवलं होतं. तिथून तिला एका डोळ्याने चूल दिसायची, एका डोळ्याने मशीन, आणि दोन्ही डोळ्यांनी टिल्ली.

टिल्ली म्हणजे त्यांची मुलगी. वय पाच. खरं नाव शाळेत चालायचं, घरात टिल्लीच.

मला त्या घरात आणलं टिल्लीच्या मामाने. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि भुश्शाने स्वतःच शिंकत म्हणाला, "भावोजी, याच्या पाठीवर आता पोतं लादू नका. हातात एक पिशवी द्या, तेवढीच नेईल हा."

ती पिशवी म्हणजे मी.

मित्रांनो, मी पहिला श्वास घेतला तो काळ्या पडद्यावर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि मामाने टाइप केलेली एक लहानशी आज्ञा. ती आज्ञा पोहोचली आणि मी उजेडात आलो. सगळे वाकून बघत होते. सुताराने नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला. दोन्ही बरोबर. मी ऐटीत बाजूला सरलो, आणि पुढच्याच क्षणी काय पाहतो, तर सुतार पुन्हा माझ्याच समोर! पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा बरोबर, आणि पुन्हा माझ्याच दारात. आयुष्यातला माझा पहिला धक्का तो. मी माणूस आत सोडतोय आणि आतून कुणीतरी त्याला बाहेर ढकलतंय!

"हे मला घरात घेत नाहीये," सुतार म्हणाला. "तुझ्या बहिणीचं शिकवणं दिसतंय."

"अहो, मी एवढ्या स्वस्तात सोडते का तुम्हाला?" दारातून उत्तर आलं.

मामाने कपाळावर हात मारला. आत गेल्यावर काय उघडायचं, हे एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. ती फाइलच तो बनवायला विसरला होता. "दार बसवलं, चौकट बसवली आणि मागे खोलीच बांधली नाही," तो हसत म्हणाला. फाइल लिहिली आणि सुतार आत गेला. मग मामाने कॉम्प्युटरला कायमचं सांगून ठेवलं, की उठलास की आधी याला उभा कर. आणि वीज गेली तर ती परत आल्यावर आपला आपण उठत जा. सुताराला दर वेळी वाकून टेबलाखालचं बटण दाबायला नको, एवढाच हेतू.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. घरी कुणी आलं, की टिल्लीची आई म्हणायची, "पासवर्ड आहे हो याला. नाहीतर आमचं रत्न काय करून ठेवील, नेम नाही." ती मशीनला मनातून घाबरायची. मशीन चालू असलं, की दारात काढलेली खडूची रेघ टिल्लीने ओलांडायची नाही, असा तिचा नियम होता. पण मशीन बंद असलं, की टिल्ली बाबाच्या स्टुलावर चढून बसायची आणि तो काय काय करतो ते बघत राहायची. मुलं किती बारकाईने बघतात, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही.

मग कौतुक सरलं. कामाच्या वस्तूचं कौतुक सरतंच, त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की सुताराला माझा राग येऊ लागला. त्याच्या हाताला कधी फेविकॉल, कधी भुस्सा, कधी पॉलिश. तशा हाताने पासवर्ड टाकायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. त्या भागात वीज सारखी जायची. वीज गेली की सगळं बंद, आली की मी पुन्हा हजर.

"आले साहेब नाव विचारायला," तो म्हणायचा. "अरे, सकाळपासून मीच आहे रे! ओळख नाही का पटत?"

नव्हती पटत, मित्रांनो. चेहरा बघून मला दार उघडता येत नाही. तो कितव्यांदा येतोय हेही कळत नाही. मला फक्त जुळतं की नाही, तेवढं कळतं.

त्यात माझी ती एकुलती एक चौकट. घाईत असला, की तो नाव लिहायच्या वेळीच पासवर्ड लिहून बसायचा. एकदा पुढच्या गल्लीतल्या बालवर्गाच्या बाई शेजारी उभ्या होत्या आणि त्याने अख्खा पासवर्ड ठळक अक्षरांत माझ्या तोंडावर लिहिला. मी थिजलो. माझ्याकडे ठिपके असून मला ते लावता येईनात, कारण माझ्या लेखी ते नाव होतं.

बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "छान आहे हो, सोपा आहे."

टिल्लीच्या आईच्या हातातला ब्रश तिथेच थांबला. सुताराने तो पासवर्ड बदलला खरा, पण नवा त्याच्या लक्षात राहीना. चुकला, की मी 'नाही' म्हणायचो. मी 'नाही' म्हटलं, की तो टेबलावर मूठ आपटायचा.

त्याच बाईंनी बालवर्गासाठी लाकडी प्राण्यांची मोठी ऑर्डर दिली होती. शाळा सुरू व्हायच्या आत सगळे प्राणी हवे होते. त्या दिवसांत वीज अशी लपंडाव खेळत होती, की अर्धा जिराफ कापून व्हायचा आणि मशीन गप्प. शेवटी सुताराने मामाला फोन लावला. "तुझा हा चौकीदार काढून टाक. चोर कधी आला नाही, पण घरमालकाला रोज अडवतो."

मामा कुठल्यातरी दुकानात कामात होता. "काढायला कशाला हवा, भावोजी? सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ आहे. आपोआप आत सोडायचं की नाही, असं विचारलंय बघा. तिथे 'हो' करा. आणि कोरायचा प्रोग्रॅमही आपोआप उघडेल असं करून ठेवा. वीज आली की सगळं तयार."

"अहो, नको," टिल्लीची आई म्हणाली. "घरात लहान मूल आहे."

"अगं, कॉम्प्युटर चालू होण्याने काय होतंय? बटणं दाबल्याशिवाय मशीन हलत नाही."

"तेच म्हणतेय मी. बटणं दाबायला पासवर्ड कुठे लागतोय आता?"

"तू पण ना! दोरीला साप म्हणायची सवयच आहे तुला."

ती ब्रश घेऊन परत रंगवायला लागली. त्याने ओळ बदलली.

मित्रांनो, त्या एका शब्दाने माझं काय झालं, ते सांगतो. मी मेलो नाही, हेच विचित्र होतं. कॉम्प्युटर उठायचा, मला उभा करायचा आणि मी तोंड उघडायच्या आत मला बाजूला व्हावं लागायचं. कुणाचं नाव नाही, पासवर्ड नाही. दार जागच्या जागी होतं, पण सताड उघडं. मी पहारा देत होतो आणि माझ्या पहाऱ्याला काही अर्थ उरला नव्हता.

सुतार खूश होता. काम भराभर होऊ लागलं.

आणि मग ती दुपार आली.

त्या दुपारी मी क्षणभरच उभा होतो, म्हणून सगळं मी स्वतः पाहिलं असं म्हणणार नाही. पण त्या दुपारबद्दल पुढे माझ्यासमोर इतक्या वेळा बोललं गेलं, की मला ते पाहिल्यासारखंच झालं आहे.

जिराफ कापायचं काम चाललं होतं. वीज गेली. मोटर थांबली, पंखा थांबला. सुताराने विचार केला, बरं झालं, तेवढ्यात बोथट झालेली बिट बदलून घेऊ. मशीनच्या शेजारी एक मोठं लाल बटण असतं. ते दाबून ठेवलं, की काही केल्या मशीन हलत नाही. ते त्याने दाबलं नाही. वीजच नाही, तर दाबायचं कशाला? मशीन थांबलं म्हणून टिल्ली रेघ ओलांडून आत आली आणि स्टुलावर चढून बसली. सुताराच्या कानावर आवाज अडवायचे जाडजूड कानटोप होते, तेही त्याने काढले नाहीत. मशीनखाली मान घालून त्याने पाना मोटरीच्या नटाला लावला.

तेवढ्यात वीज आली.

दिवा लागलेला त्याला दिसला. तरीही त्याने हात बाहेर काढला नाही. का, ते ऐका. नंतर त्यानेच मामाला सांगितलं, "मला वाटलं, अजून तो नाव विचारत उभा असेल."

मित्रांनो, हे वाक्य म्हणजे माझा दुसरा धक्का. ज्या दाराची कडी त्याने स्वतःच्या हाताने काढली होती, त्याच दाराच्या भरवशावर त्याने हात पात्याखाली ठेवला होता! इतके दिवस मी त्याला अडवत आलो, त्याची त्याच्या हातांना सवय झाली होती. डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते.

मी उभा राहिलो आणि उभा राहताक्षणीच बाजूला सरलो. माझ्या मागून कोरायचा प्रोग्रॅम उघडला. जिराफाचं चित्र पडद्यावर आलं.

"बाबा, जिराफ आला!" टिल्ली म्हणाली. "मी चालू करू?"

कानटोपातून त्याला काहीच ऐकू गेलं नाही.

मुलं किती बारकाईने बघतात, ते मघाशी म्हटलं ना! मशीन जागं करायचं बटण कोणतं, मोटर फिरवायचं कोणतं, सगळं तिला पाठ होतं. बाबाला मदत करायची म्हणून तिने ती एकामागून एक दाबली.

मोटर फिरली. नटाला लावलेला पाना भिंगरीसारखा गरकन फिरला, सुताराच्या बोटांवर आदळला आणि सुटून टिल्लीच्या कानाजवळून सणसणत जाऊन मागच्या फळ्यांत घुसला. दारातून टिल्लीची आई रंगाच्या डब्या उडवत धावली आणि तिने लाल बटणावर हाताचा तळवा हाणला.

मोटर थांबली. सुताराने लागलेला हात छातीशी धरला होता. टिल्लीचं बोट अजून कीबोर्डवर तसंच होतं आणि तिची आई तिच्या केसांतून हात फिरवत, लागलंय का ते शोधत होती. तिचे हात हिरव्या रंगाने माखले होते. टिल्लीचं सगळं डोकं हिरवं झालं, पण तिला काही लागलेलं नव्हतं.

नंतर कुणीतरी प्लग ओढला आणि मी विझलो.

किती काळ विझलेला होतो, कोण जाणे. बंद असताना मला काही कळत नाही. परत उजेड आला तेव्हा माझ्यासमोर मामा बसला होता. बिचारा प्रत्येक वाक्याच्या शेवटी "माझंच चुकलं, ताई" म्हणत होता. सुताराच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. दोन बोटांची हाडं मोडली होती, पण बोटं वाचली होती.

"हाडं जुळतील रे," टिल्लीची आई हळूच म्हणाली. "हिचं काय करू? त्या दिवसापासून ही एकाही बटणाला हात लावत नाही. दाराची बेल वाजवत नाही, खाली उभी राहून हाका मारते. पंख्याचं बटण नको, टॉर्च नको. बोलणारी बाहुली कपाटात कोंडून ठेवलीय. काल नवा फ्रॉक घालायला गेले, तर विचारते कशी, 'आई, याला बटण आहे का?' रात्री झोपेत बाबाची बोटं चाचपून बघते."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. ते म्हणाले, तिला वाटतंय की तिने बाबाला मारलं. तुझी चूक नाही, असं आम्ही शंभरदा सांगितलं. सांगून तिला पटत नाहीये."

मदत करायला निघालेली एवढीशी पोर, आणि तिला स्वतःच्या बोटांची भीती बसली होती.

मामाने कीबोर्ड पुढे ओढला, पण सुतार म्हणाला, "थांब. ती ओळ मी बदलली होती. परतही मीच बदलणार."

डाव्या हाताने, एक एक अक्षर शोधत, त्याने सेटिंगची फाइल उघडली आणि 'हो'च्या जागी 'नाही' लिहिलं. प्रोग्रॅम आपोआप उघडायचं बंद केलं. भिंतीवरच्या मशीनच्या प्लगापाशी त्याच्या बायकोने आधीच लाल रंगाने मोठी खूण केली होती: हात आत घालायच्या आधी हा बाहेर. मग मामाने माझ्यासाठी एक नवी ओळ लिहिली. चुकीचं काही टाकलं, तर मी आता स्वच्छ मराठीत दाखवणार होतो: 'आत जाता येणार नाही.' सुताराने काळ्या पडद्यावर ती लहानशी आज्ञा दिली आणि मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी तोंड उघडायला सवड होती. मी नाव विचारलं.

कुणीच ते लिहिलं नाही. सगळे दाराकडे बघत होते. खडूच्या रेघेच्या पलीकडे टिल्ली उभी होती, हात पाठीमागे बांधून.

"टिल्ले, ये इकडे," सुतार म्हणाला. "दाब एखादं बटण."

"नको. तुला लागेल."

"नाही लागणार. हे बघ, मशीनचा प्लग काढलाय. आणि माझे दोन्ही हात कुठे आहेत?"

"इकडे."

"मग ये."

तिने आईकडे पाहिलं. मित्रांनो, ती आई दोरीला साप म्हणणारी! तिचाच चेहरा पांढराफटक पडला होता. पण तिने मान हलवली, टिल्लीला ढकललं नाही, उचललंही नाही. फक्त स्वतः रेघ ओलांडून स्टुलाजवळ जाऊन उभी राहिली. टिल्ली तिच्यामागून आली.

तिने एका बोटाने माझ्या चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं. शाळेत नुकतंच शिकलेलं, मधली दोन अक्षरं उलटसुलट. प्रत्येक अक्षरानंतर ती बाबाचा हात बघत होती. मग मामाने दाखवलेलं लांबट बटण तिने दाबलं. मी पासवर्ड विचारला. तिने काहीतरी दाबलं आणि डोळे मिटून पुन्हा ते लांबट बटण.

मी माझं काम केलं.

"काय म्हणाला?" डोळे मिटलेलेच.

"तूच वाच."

तिने एक डोळा उघडला. "आ...त... जाता... येणार... नाही." मग दुसरा डोळा. "बाबा, नाही म्हणाला!"

"म्हणजे काय झालं?"

"मला सोडत नाही तो!" तिने बाबाचे दोन्ही हात, प्लास्टरसकट, नीट तपासले. काही झालेलं नव्हतं. तिने परत लिहिलं. परत मी नाही म्हणालो. मग तिने दहाही बोटांनी कीबोर्ड तुडवला. मी तरीही नाही म्हणालो. आणि ती खिदळायला लागली, इतकी, की स्टूल हलायला लागलं. "हा ऐकतच नाही! आई, तू दाब! मामा, तू!"

टिल्लीची आई तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर पदर धरून रडली.

मित्रांनो, माझ्या 'नाही'वर लोकांनी मुठी आपटल्या होत्या, मला शिव्या घातल्या होत्या. ते ऐकून कुणाला इतका आनंद होईल, हे माझ्या कल्पनेतसुद्धा नव्हतं. तो माझा सर्वांत मोठा धक्का.

म्हणून हात जोडून सांगतो. म्हणजे, हात असते तर जोडले असते. एखादं झाकण, एखादी कडी, एखादा पासवर्ड तुम्हाला सारखा अडवत असेल, तर वैतागा, खुशाल नावं ठेवा. पण ते काढून टाकायच्या आधी विचारा, की याच्या भरवशावर कुणाचा हात आत आहे. आणि माझ्यासारख्या पडद्यावर सगळा भार टाकू नका. हात घालायच्या आधी प्लग काढा. एवढं सगळं करूनही घरातली कुणी घाबरत असेल, तर तिला हसू नका.

टिल्ली अजून रोज येते. शाळेतून आली, की दप्तर टाकून आधी स्टुलावर. नाव आता नीट लिहिते. माझ्याकडे बघते, लांबट बटण दाबते आणि वाट बघते.

दाब, टिल्ले, खुशाल दाब. मी नाहीच म्हणणार आहे.